फॉरवर्ड केलेल्या वचनानं धीर येत नाही

आज बातमी नाही, मनातलं लिहितोय.

आपल्या नगर जिल्ह्यात गावोगावी चर्च आहे, पण पोरं कामाला पुण्याला, चाकणला. मागे राहिलेत म्हातारे. गुडघे धरलेत, उपासनेला येणं होत नाही. मग काय, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं वचन वाचायचं आणि गप बसायचं.

पौलानं रोमच्या विश्वासी लोकांना पत्र लिहिलं तेव्हा तो तिथं एकदाही गेलेला नव्हता. तरी भेटीची ओढ केवढी! आणि नुसतं शिकवायला नाही, एकमेकांच्या विश्वासानं दोघांनाही धीर यावा म्हणून. एवढ्या मोठ्या प्रेषितालाही धीर लागत होता.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं आपल्याला भजन-कीर्तनाची उपासना दिली. पेटी घेऊन ओसरीवर बसायला इमारत कशाला लागते?

म्हणून या गुरुवारपासून दर आठवड्याला संध्याकाळी एका घरी जायचं ठरवलंय. एक भजन, थोडं वचन, प्रार्थना, चहा. वर्गणी नाही, भाषण नाही, फोटो तर नाहीच. तुमच्या गल्लीत कोणी आजारी, एकटं असेल तर कळवा. आणि जमलं तर सोबत या. तुमच्या प्रार्थनेची गरज मलाही आहे.