काटा सरकला नव्हता

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझे वडील, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, सातवीपर्यंत शिकले आणि मग शिवणाच्या मशीनवर बसले. तालुक्याच्या पेठेत आमचे छोटेसे दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर दोन मशिने, कापड बेतायचे एक टेबल, भिंतीवर रिळांची फळी आणि त्या फळीवर एक रेडिओ. मापाच्या वहीनंतर या दुकानातली सर्वांत मोलाची वस्तू कोणती असे कोणी विचारले, तर मी त्या रेडिओकडे बोट दाखवीन.

जिल्ह्याच्या ठिकाणचे एक खासगी एफ.एम. केंद्र आमच्याकडे स्वच्छ ऐकू येते. दुपारी बारा ते तीन त्यावर जुनी गाणी लागत. त्या वेळी पेठेच्या या टोकाकडून त्या टोकाकडे कोणी चालत निघाला, तर एकाच गाण्याचा मुखडा किराणा दुकानात, पहिले कडवे सायकलवाल्याकडे आणि दुसरे आमच्याकडे त्याच्या कानावर पडे. दुसरे केंद्र कोणी लावीतच नसे. अण्णांचे पाय तर गाण्याच्या ठेक्यावर चालत. गिऱ्हाइके चेष्टेने म्हणत, "अण्णा, जलद चालीचं गाणं लागेल तेव्हाच आमचं कापड मशीनवर घ्या!"

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात एके दुपारी बारा वाजले आणि जुने गाणे काही लागले नाही. एक मुलगा भरधाव बोलू लागला, मधेच स्वतःशीच हसला, आणि मग छाती दडपून टाकणारे एक नवे गाणे सुरू झाले. अण्णांचे पाय थांबले. "काटा सरकला वाटतं," असे म्हणून ते उठले. त्यांनी बटण थोडे पुढे पिळले, थोडे मागे पिळले आणि पुन्हा त्याच जागी आणून ठेवले. काटा सरकला नव्हता. केंद्रच सरकले होते.

चार दिवस वाट पाहून अण्णा मला म्हणाले, "अरे, तू शिकलेला आहेस. लिही त्यांना." आमच्याकडे सरकारी अर्जापासून लग्नपत्रिकेच्या मजकुरापर्यंत लिहिण्याचे काम माझ्याकडेच असते. मी पत्र लिहिले. अण्णांनी ते दोनदा वाचून घेतले आणि "आपला नम्र श्रोता" याखाली सावकाश सही केली. उत्तर आले नाही. शेवटी मी फोन लावला. पलीकडून एक तरुण आवाज अगदी गोड बोलला. म्हणाला, "आता आम्ही तरुणांसाठी आहोत. तुमचं वय काय?" मी म्हणालो, "अठरा." तो आनंदाने म्हणाला, "मग तुमच्यासाठीच तर बदललंय सगळं!"

फोन ठेवला तेव्हा अण्णा माझ्याकडे पाहत होते. "काय म्हणाले?"

"बघतो म्हणाले," मी खोटे बोललो.

वाचकहो, त्या दिवसापासून एका प्रश्नाने मला छळले. ज्या मालाला गिऱ्हाईक आहे, तो माल दुकानदार फेकून कसा देतो? आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना मी हे विचारले. ते हसून म्हणाले, "तुझी पहिलीच समजूत चुकली. तिथे गिऱ्हाईक श्रोता नसतो, जाहिरातदार असतो." म्हणजे आम्ही श्रोते गिऱ्हाईक नव्हतोच. आम्ही ताग्यातले कापड होतो. गज मोजून दुसऱ्यालाच विकले जाणारे!

मग मी ग्रंथालयात आणि मोबाइलवर शोधू लागलो. अमेरिकेत तर हा खेळ फार जुना आहे. तेथे खासगी केंद्रांच्या श्रोत्यांची मोजदाद नियमित होते, पण नुसती डोकी मोजून भागत नाही. कोणाचे वय काय, हेही पाहिले जाते. पंचवीस ते चौपन्न या वयाच्या श्रोत्यांना जाहिरातीच्या बाजारात मोठी किंमत. त्यापलीकडच्या माणसाने दिवसभर रेडिओ ऐकला तरी त्याची किंमत घसरते. न्यूयॉर्कमध्ये डब्ल्यू.सी.बी.एस.-एफ.एम. नावाचे केंद्र १९७२ पासून जुनी गाणी लावीत होते. त्या प्रांतात शहरात त्याला तोडीस तोड कोणी उरले नव्हते. पण ऐकणारे वयाने वाढत चालले होते. ३ जून २००५ रोजी संध्याकाळी, आधी काही गाजावाजा न करता, ते सारे बंद झाले. वर्षानुवर्षे ओळखीचे झालेले निवेदकांचे आवाज गेले आणि 'जॅक' नावाचा निराळाच प्रकार सुरू झाला. त्याच दिवशी शिकागोच्या भावंड केंद्राचीही तीच गत झाली. न्यूयॉर्कमध्येही त्या संध्याकाळी कोणीतरी "काटा सरकला वाटतं" असे आपल्या भाषेत म्हणालेच असेल.

पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. नवा प्रकार लोकांना रुचला नाही आणि १२ जुलै २००७ रोजी त्या केंद्राला जुन्या गाण्यांकडे परतावे लागले. पण परतताना जुन्यातली अगदी जुनी गाणी बरीच मागे राहिली. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या गाण्यांना अधिक जागा मिळाली. सर्वांत म्हातारे श्रोते मात्र बाहेरच उभे राहिले.

तुम्ही म्हणाल, हा सारा पैशाचा दोष. मलाही तसेच वाटले होते. पण आपल्याकडे जाहिरातीचा पैसाही नसताना हेच घडून गेले आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले. गृहस्थ मराठीच, शास्त्रीय संगीताचे मोठे अभिमानी. आकाशवाणीला तर देशात प्रतिस्पर्धीच नव्हता आणि लोक चित्रपटगीतांसाठी कान टवकारून बसत. केसकरांना ती गाणी हलकी वाटत. त्यांना आधी कात्री लागली आणि पुढे निर्मात्यांशी वाद होऊन ती आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. केसकरांच्या काळात संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, थोर गवयांचे गाणे खेडोपाडी पोहोचले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण लोकांनी काय केले? त्यांनी काटा सरकवला, तो थेट सिलोनपर्यंत! त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि तिच्याकडे पत्रांचा पूर लोटला. आमचे आजोबा सांगत, बुधवारी रात्री हॉटेलात एका चहावर तासभर बसू देत, ते याच कार्यक्रमासाठी.

सरकारला उमजायला पाच वर्षे लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू झाली आणि चित्रपटगीते मानाने घरी आली. १९६७ साली तिच्यावर जाहिराती आल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या आपल्याच तीन शहरांपासून. गंमत अशी की १९८९ साली ती गीतमालाही विविध भारतीवरच येऊन दाखल झाली.

एकाने लोकांची अभिरुची सुधारण्यासाठी गाणी काढली, दुसऱ्याने वयाचा हिशेब मांडून काढली. एकाला शहाणा श्रोता हवा होता, दुसऱ्याला तरुण. समोर बसून ऐकणारा जो होता, तो दोघांनाही पुरेसा वाटला नाही.

हे सगळे वाचून झाल्यावर माझी मलाच लाज वाटली. मी केंद्रावर रागावलो होतो, पण ते बदलले होते माझ्यासाठी. माझ्या वयाच्या एका मुलासाठी त्यांनी माझ्या बापाला उठवले होते. आणि तो मुलगा रेडिओ ऐकतच नव्हता! माझी गाणी मोबाइलवर, कानात बोळे घालून. कॉलेजात जाऊ लागल्यापासून दुकानात बसणेही मी सोडले होते. अण्णा काही विचारीत, तर एका शब्दात उत्तर देऊन मी पुस्तक उघडीत असे. माझी फी भरणारा माणूस माझ्याही हिशेबात कुठे होता?

दिवाळीच्या सुट्टीत मी अण्णांना खरे सांगितले. ते मशीनमध्ये दोरा ओवीत होते. सगळे ऐकून त्यांनी एवढेच विचारले, "मग तू ऐकतोस का ते?"

"नाही," मी म्हणालो.

"अरेरे," अण्णा म्हणाले, "म्हणजे त्यांचंही नुकसानच की!" आणि दोरा ओवला गेला.

असो. आता आमच्या दुकानात विविध भारती लागते. मधेच खरखर होते, मग मी उठून बटण पिळतो. रविवारी मी काज-बटणाचे काम घेऊन अण्णांच्या शेजारी बसतो. परवा एक गाणे लागले, तेव्हा गायक कोण ते त्यांनी मला विचारले. मला सांगता आले नाही. त्यांना मात्र माहीत होते.

— द्वितीय वर्ष, कला