दहा रात्रींचें अंदाजपत्रक

आमच्या लग्नाचा मुहूर्त काढावयास गुरुजींना पाव तास पुरला. मार्गशीर्षांतील तीन तिथी त्यांनीं सांगितल्या, वडील मंडळींनीं त्यांतली एक पसंत केली आणि विषय मिटला. परंतु लग्नानंतर इटलींत ज्या दहा रात्री काढावयाच्या, त्यांपैकीं रोमला किती, फ्लॉरेन्सला किती आणि व्हेनिसला किती, हा प्रश्न गेला महिनाभर आमच्यापुढें तसाच पडून होता. मधुचंद्र हा शब्द मोठा काव्यमय खरा. पण त्याची तयारी म्हणजे अंदाजपत्रकाची सभाच होय. आणि या सभेंत वरपक्ष व वधूपक्ष मिळून सभासद दोनच असल्यानें कोणताहि ठराव बहुमतानें मंजूर होऊं शकत नाहीं.

आमच्या आजोबा-आजींना ही अडचण नव्हती. लग्नानंतर जोडप्यानें जेजुरीस जावें, नवऱ्यानें नवरीला उचलून गडाच्या कांहीं पायऱ्या चढाव्या, भंडारा उधळावा व घरीं यावें, एवढाच त्यांचा प्रवास. आम्हीहि आधीं जेजुरीस जाणारच आहोंत. फ्लॉरेन्सच्या मुख्य प्रार्थनामंदिराच्या घुमटावर जावयास मात्र ४६३ पायऱ्या आहेत. तेथें ही चाल पाळण्याचा आपला विचार नाहीं, हें वरपक्षानें पहिल्याच बैठकींत स्पष्ट केलें.

कांहीं शहरें सहज गळालीं. व्हेरोनांत ज्यूलिएटचा म्हणून जो सज्जा दाखवितात, तो विसाव्या शतकांत त्या घरास जोडलेला आहे. कल्पित नायिकेच्या नव्या सज्जाखालीं खऱ्या नवराबायकोनें गर्दींत उभें राहून छायाचित्र काढून घ्यावें, हें दोघांनाहि रुचलें नाहीं. मिलानमध्यें लिओनार्दोचें ‘शेवटचें भोजन’ पाहावयास आगाऊ तिकीट काढावें लागतें आणि आंत पंधरा मिनिटेंच थांबूं देतात. पंधरा मिनिटांपायीं एक रात्र खर्चीं घालण्यास वधूपक्ष तयार झाला नाहीं.

मार्गशीर्षानें आमच्यावर एक उपकार केला आहे व एक अपकार. व्हेनिसनें २०२४ सालीं, दिवसापुरतें येऊन जाणाऱ्यांवर ठराविक दिवशीं प्रवेशकर बसविला. ते दिवस आजवर एप्रिल ते जुलै या महिन्यांतलेच होते, आणि रात्रीं मुक्काम करणाऱ्यास तो कर नाहींच. हा उपकार. अपकार असा कीं, डिसेंबरांत तेथें साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. उजेडाची अशी टंचाई असतांना रोममधील पँथिऑनचा वाद निघाला. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या या मंदिरास खिडक्या नाहींत. घुमटाच्या माथ्यावर एक मोठें उघडें भोंक, तेवढेंच. त्यांतून ऊन आंत येतें, पाऊसहि येतो आणि फरशींतल्या छिद्रांवाटे निघून जातो. उन्हाळ्यांत दुपारीं तो उन्हाचा गोल खालीं फरशीवर उतरतो. हिंवाळ्यांत सूर्य खालीं असल्यामुळें तो वर घुमटाच्या आंतल्या अंगावरच फिरतो. तो फिरतांना पाहावयास एक अख्खी दुपार हवी, म्हणून रोमला चार रात्री हव्यात, असें वरपक्षाचें म्हणणें.

वधूपक्षाला हवें होतें रावेन्ना. बोलोन्यास गाडी बदलून तेथें जावें लागतें. गाल्ला प्लाचिदियाचें म्हणून ओळखलें जाणारें पांचव्या शतकांतलें समाधिगृह तेथें आहे. बाहेरून तें विटांचें, आपल्याकडील गांवच्या एखाद्या देवळाएवढें. आंत निळ्या कांचतुकड्यांच्या आकाशांत सोनेरी तारे. शिवाय दान्तेची कबर. फ्लॉरेन्सनें १३०२ सालीं त्याला हद्दपार केलें, तो १३२१ सालीं रावेन्नास वारला. आज फ्लॉरेन्समध्यें त्याचें जें थडगें आहे तें रिकामें आहे, आणि रावेन्नांतील दिव्यासाठीं दरसाल तेल मात्र फ्लॉरेन्सहून येतें. हद्दपाराच्या कबरीवर कोणी मधुचंद्राला जातें काय, असें वरपक्षानें विचारलें. मोठ्या शहरांतच राहावयाचें तर मुंबई काय वाईट, असें त्याला उत्तर मिळालें.

याच सुमारास व्हिसाचा अर्ज पुढें आला. वधूच्या पासपोर्टावर वडिलांचें नांव व माहेरचें आडनांव आहे, आणि विमानाचें तिकीट पासपोर्टावरील नांवानेंच काढावें लागतें. लग्नानंतर नवा पासपोर्ट येईपर्यंत थांबावें, तर मार्गशीर्ष निघून जाईल. तेव्हां प्रवास जुन्याच नांवानें. थोरल्या आत्याबाईंना हें पसंत नाहीं. हॉटेलवाले काय म्हणतील, ही त्यांची काळजी. वास्तविक इटलींत लग्नानंतरहि स्त्रियांचें कागदोपत्रीं आडनांव माहेरचेंच राहतें, तेव्हां तेथील हॉटेलवाला कांहींच म्हणणार नाहीं. परंतु हें वाचल्यापासून वधूपक्ष विचारूं लागला कीं, परत आल्यावर तरी तें कां बदलावें? ‘तुझी मर्जी,’ असें वरपक्षानें म्हटलें. पण म्हणण्यापूर्वीं तो क्षणभर थांबला, आणि तो क्षण दोघांच्याहि ध्यानांत आला. त्या संध्याकाळीं शहरांविषयीं अवाक्षरहि निघालें नाहीं.

दुसरे दिवशीं रोम तीन, फ्लॉरेन्स चार, रावेन्ना एक व व्हेनिस दोन, असा ठराव मंजूर झाला. रावेन्नाची रात्र वरपक्षानें आपण होऊन दिली. पँथिऑनसाठीं अख्ख्या दुपारीऐवजीं दोन तास राखून ठेवले आहेत. नांवाचा ठराव तहकूब आहे. तो रावेन्नास चर्चेस घ्यावा अशी वधूपक्षाची सूचना आहे. व्हेनिसपर्यंत लांबवावा अशी वरपक्षाची.