कानठळ्या

मराठीत बंदुकीच्या आवाजाला ‘बार’ म्हणतात आणि त्या आवाजाने कानाचे जे होते त्याला ‘कानठळ्या बसणे’ म्हणतात. दिवाळीच्या फटाक्यांपासून प्रचारसभेतील कर्ण्यांपर्यंत हा वाक्प्रचार आपण इतका सहज वापरतो, की त्याच्या मुळाशी एक शारीरिक इजा आहे याचे आपल्याला भान राहत नाही. मला ते भान नेमबाजीच्या मैदानाने दिले. विद्यार्थिदशेत राष्ट्रीय छात्रसेनेत असताना, आणि पुढे अनेक वर्षे शिबिरांतील गोळीबाराच्या सरावाला मदतनीस म्हणून जाताना, जे पाहिले आणि ऐकले, त्याविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे.

गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हा तिच्या मागोमाग जळलेल्या दारूचा तप्त वायूही बाहेर पडतो. नळीत कोंडलेला हा वायू मोकळ्या हवेत एकाएकी फुगतो आणि भोवतालच्या हवेला धक्का देतो. हा धक्का म्हणजेच बार. गोळीला एकच दिशा असते. बाराला सर्व दिशा मोकळ्या असतात. गोळी २५ मीटरवरच्या कागदाकडे जाते, पण धक्का पुढे, दोन्ही बाजूंना आणि काही अंशी मागेही पसरतो. त्यामुळे तो सोसण्याची पाळी पुष्कळदा शेजाऱ्यावर येते.

एका शिबिरात पाच-पाच मुले रांगेत पालथी झोपून ‘पॉइंट टू-टू’ रायफलीने सराव करीत होती. त्यांतील एक मुलगा कोपरे नीट टेकवण्याच्या नादात सरपटत दोन-अडीच फूट पुढे गेला. त्याच्या नेमाला त्याने काहीच बिघडणार नव्हते; परंतु शेजाऱ्याच्या नळीचे तोंड आता नेमके त्याच्या कानाच्या रेषेत आले होते. बार झाला आणि त्या मुलाने रायफल सोडून कानावर हात दाबला. मग तो हात डोळ्यांसमोर धरून रक्त आले आहे का, ते पाहू लागला. रक्त नव्हते. संध्याकाळच्या हजेरीला मात्र त्याचे नाव दोनदा पुकारावे लागले. कानात रातकिडे ओरडत आहेत, असे तो सांगत होता.

दुसरा अनुभव पावसाळ्यातला. मुले भिजू नयेत म्हणून फायरिंग पॉइंट पत्र्याच्या छपराखाली घेतला होता. हेतू चांगला होता; परंतु नळीची तोंडे छपराच्या आतच राहिली आणि प्रत्येक बार पत्र्यावर आपटून मुलांच्या डोक्यावर परत येऊ लागला. उन्हाळ्यात तऱ्हा वेगळी. कोरड्या मुरमाच्या जमिनीवर नळी ठेंगणी राहिली, की थोरल्या रायफलीचा धक्का धूळ उडवतो आणि ती नेमबाजाच्याच डोळ्यांत जाते. त्यावरचा उपाय साधा आहे : समोर पाणी शिंपडावे किंवा ओले गोणपाट अंथरावे.

बाराची भीती नेमही बिघडवते. आवाजाच्या अपेक्षेनेच शरीर आखडते, डोळे मिटतात आणि बोट चाप दाबण्याऐवजी ओढते. आमचे उस्ताद याची परीक्षा घेण्यासाठी काडतुसांत गुपचूप एक डमी राउंड मिसळून देत. बार होत नसे, पण नळीचे तोंड खाली झुके. कान झाकले, की ही दचक कमी होई आणि कागदावरची छिद्रे जवळ येत. कान झाकणे हा भित्रेपणा आहे, असे म्हणणाऱ्यांना देण्यासारखे याहून चांगले उत्तर मला सापडलेले नाही.

हा भित्रेपणाचा समज कसा महाग पडतो, ते मी त्या उस्तादांच्याच बाबतीत पाहिले. सैन्यातून आलेले ते हवालदार. उमेदीची सारी वर्षे त्यांनी रांगेमागे उघड्या कानांनी उभे राहून काढली. आमच्या कानांत कापूस घालून देत, स्वतः घालत नसत. निवृत्तीनंतर भेटलो, तेव्हा सासरी गेलेल्या मुलीचा फोन त्यांनी पत्नीच्या हाती दिला आणि मला म्हणाले, “आवाज येतो हो, बोलणं येत नाही.”

त्यांच्या या वाक्यात शास्त्र आहे. अंतर्कर्णात सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्या एकदा मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बाराच्या आघाताने आधी उच्च स्वर टिपण्याची शक्ती जाते. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ ही व्यंजने त्या स्वरांच्या आधारे ओळखू येतात. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर त्यामानाने टिकून राहतात. त्यामुळे हाक ऐकू येते, शब्द कळत नाही. भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही या नुकसानाचा अर्थ इतरांहून अधिक जाणाल.

निसर्गाने डोळ्याला पापणी दिली, कानाला नाही. मोठ्या आवाजाने आखडणारा एक सूक्ष्म स्नायू कानात आहे. पण तो आखडेपर्यंत बार होऊन गेलेला असतो. क्षणिक आवाज १४० डेसिबलच्या पुढे गेला, तर एकाच आघाताने कायमची इजा होऊ शकते. लहान रायफलही या मर्यादेच्या आसपास पोहोचते; थ्री-नॉट-थ्री तर तिच्या पुष्कळ पुढे जाते. कापसाचा बोळा अशा आवाजाला फारसा अडवत नाही. फोमची गुंडी बारीक वळावी, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून ती आत बसवावी आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावी. वरून कर्णकवच घालायचे असेल, तर टोपीची कड किंवा केस त्याखाली अडकू देऊ नयेत. कानात आवाज घुमत राहिला किंवा दडे बसले, तर ‘होईल बरे’ म्हणून न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

तुमच्यापैकी काही जण पोलीस दलात असतील, काही गृहरक्षक दलात, काही सुरक्षारक्षक म्हणून रात्रपाळी करून हे पुस्तक वाचत असतील. वार्षिक सरावाचा दिवस तुमच्याही वाट्याला येतो. त्या दिवशी रांगेत झोपल्यावर समोरच्या कागदाकडे पाहण्याआधी डावीकडे आणि उजवीकडे पाहा. सर्वांचे खांदे एका रेषेत आहेत का, सर्वांचे कान झाकलेले आहेत का, हे पाहा. कोणी पुढे सरकला असेल, तर हात वर करून गोळीबार थांबवा. त्याने दोन मिनिटे जातील. पण कोणाच्या तरी मुलीचे बोलणे त्याला पुढेही कळत राहील.