खरखर तरी होती

रेडिओ नीट लागत नाही ही तक्रार आमच्या घरात जुनीच आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात तो कधी धड लागलाच नाही. दिवसा एखाददुसरं स्टेशन मिळायचं. रात्र पडली की मिडियम वेव्हच्या लहरी वरच्या आकाशातून परतून येत आणि कुठली कुठली दूरची स्टेशनं एकमेकांच्या अंगावर पडत. अब्बा तेव्हा जहाजावर खलाशी होते. हवा बिघडली की अम्मा सेटला कान लावून बसायची. खरखरीतून 'अरबी समुद्र', 'वादळ', 'मच्छीमार' असे दोन-तीन शब्द हाती लागले तरी तिला पुरत. मधलं वाक्य ती स्वतःच जुळवून घ्यायची.

आता अब्बा नाहीत. अम्मा आमच्याजवळ बर्मिंगहॅमला आहे. काचबिंदूने तिची नजर बरीचशी नेली. आम्ही नवरा-बायको सकाळी कामावर जातो ते संध्याकाळी येतो. तोवर घरात तिच्याशी बोलणारा एकटा रेडिओच. हिंदी गाणी लावणारं तिच्या आवडीचं स्टेशन डिजिटलवर लागतं, म्हणून तसा सेट आणला. दुकानात आवाज असा स्वच्छ होता, की गाणारी बाई समोर बसली आहे असं वाटावं.

घरी स्वयंपाकघरात तोच सेट पातेल्यात पाणी उकळावं तसा बुडबुडू लागला. गाण्याचा एक तुकडा, मग बुडबुड, मग चिडीचूप. अम्मा विचारते, "अरे, मधेच गप्प का होतो हा? काही झालं का त्याला?"

त्याला काही झालेलं नाही, हेच तिला समजावणं कठीण. इथे या डिजिटल रेडिओला 'डॅब' म्हणतात. बीबीसीने तो १९९५च्या सप्टेंबरमध्ये सुरू केला. यात आवाज आकड्यांच्या रूपाने येतो. वाटेत काही आकडे गळाले, तर सेट आपल्या हिशेबाने ते भरून काढतो. पण या भरपाईला मर्यादा आहे. तिच्या आत सगळं स्वच्छ, बाहेर काहीच नाही. इंजिनियर लोक याला कडा म्हणतात. एक पाऊल अलीकडे असाल तर उभे, पलीकडे गेलात तर खाली.

आमचं स्वयंपाकघर नेमकं त्या कड्यावर आहे. जाड विटांच्या भिंती, थंडी अडवायला बसवलेले पातळ धातूचा पत्रा लावलेले तक्ते, खिडकीच्या दुहेरी काचेवरचा धातूचा लेप, हे सारं लहरींना अडवतं. फ्रिज, स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर आपला गोंधळ घालतात तो वेगळाच. आम्ही एरियल उभी करून पाहिली, कारण इथले डॅबचे सिग्नल उभ्या एरियलवर चांगले लागतात. चार्जर काढले, सेट शेल्फावर ठेवला, फ्रिजवर ठेवला. शेवटी तक्रार केली. फोनवरच्या मुलीने पोस्टकोड विचारला आणि गोड आवाजात म्हणाली, "तुमच्या भागात रिसेप्शन उत्तम आहे." नकाशात आमची गल्ली होती, आमच्या भिंती नव्हत्या.

वरच्या मजल्यावर रस्त्याकडच्या खिडकीत मात्र तो सुरेख लागतो. म्हणून अम्माची खुर्ची आता वर गेली आहे. गुडघे धरत ती सकाळी एकदा जिना चढते आणि आम्ही येईपर्यंत उतरत नाही. दुपारचा डबा वरच ठेवून जातो. पूर्वी चाचपडत का होईना, ती लसूण सोलायची, भाजी निवडायची. शेजारीण मागच्या दाराने यायची, घडीभर बसायची. ते सारं खालीच राहिलं. सोबतीसाठी आणलेल्या रेडिओने तिला घरातल्या घरात एकटं केलं. इंटरनेटवरून गाणी लावून देता येतात, पण त्यासाठी काचेच्या पडद्यावर बोट कुठे ठेवायचं ते दिसावं लागतं. तिला हाताला लागेल असं बटण हवं आहे.

नॉर्वेने २०१७ साली देशभरची मोठी स्टेशनं एफएमवरून उठवली. स्वित्झर्लंडच्या सरकारी रेडिओने २०२४च्या अखेरीस एफएम सोडलं. ब्रिटनमध्ये ते निदान २०३०पर्यंत चालू राहील, असं सरकारने सांगितलं आहे. नवं तंत्र वाईट आहे असं मी म्हणत नाही. तेवढ्याच जागेत जास्त स्टेशनं बसतात, आवाजही छान असतो. पण जुनं बंद करण्याआधी कुणीतरी नकाशा बाजूला ठेवून लोकांच्या स्वयंपाकघरांत सेट लावून पाहावा.

कारण म्हाताऱ्या माणसाचं सगळंच अर्धं असतं. नजर अर्धी, कान अर्धे, गुडघे अर्धे. त्या अर्ध्यावरच ते दिवस काढत असतं. जुना रेडिओही तसाच होता. कण्हत, खोकत, पण बोलत राहायचा. या नव्याला अर्धं बोलता येत नाही, आणि अम्माला तर अर्धंच पुरलं असतं.