कर्ता नसलेली वाक्ये

माझ्याकडे भाषाविज्ञान शिकलेली एक विद्यार्थिनी सध्या दक्षिण आशियातील सुरक्षा-सहकार्यावर पीएच.डी. करीत आहे. विषय बदलला, तरी अडले की ती माझ्याकडे येते. परराष्ट्रधोरणाचा अभ्यास म्हणजे निम्मे व्याकरणच, असे तिचे म्हणणे. (हे ऐकून होणारा आनंद मी लपवीत नाही.)

परवा तिने सार्कची सनद पुढे ठेवली. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात देशांनी स्वीकारलेल्या या सनदेचे दहावे कलम दोनच वाक्यांचे आहे. सर्व पातळ्यांवरील निर्णय एकमताने घेतले जातील. द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळले जातील. "सर, वादग्रस्त कोण ठरवणार?" तिने विचारले. आपण ज्याला नवीन कर्मणी प्रयोग म्हणतो, त्याची हीच तर सोय! कर्ता गाळला, तरी वाक्य पूर्ण वाटते. मूळ इंग्रजीतही तो नाही. त्या गाळलेल्या जागेमुळे भारत आणि पाकिस्तान एका मेजाशी बसू शकले. पण एकाने जरी एखादा प्रश्न वादग्रस्त म्हटला, तरी एकमत संपते, म्हणजे दोन वाक्ये मिळून प्रत्येकाच्या हाती नकार देतात.

१९८७ चा दहशतवादविरोधी करारही असाच. काही गंभीर गुन्हे प्रत्यार्पणापुरते राजकीय मानू नयेत, असे तो म्हणतो; आणि सातव्या कलमात, मागणी सद्हेतूने केलेली नाही असे दिसल्यास नकाराची मुभा देतो. कोणाला दिसल्यास? ज्याच्याकडे मागणी केली, त्यालाच.

२०१४ च्या काठमांडू बैठकीनंतर सार्कची शिखर परिषद झालेली नाही. मृत संस्थेवर प्रबंध लिहून नोकरी कोण देणार, बिमस्टेक घे, असे तिला अनेक जण सुचवतात. शिष्यवृत्तीची मुदतही संपत आली आहे. विषय बदलू नकोस, असे मी म्हटले नाही. माझी नोकरी पक्की आहे, तिची नाही. मात्र एखादी बोली अस्तंगत होऊ लागली की आम्ही भाषावैज्ञानिक तिची नोंद करायला धावतो. तोच न्याय संस्थेच्या भाषेला का नसावा, हे मला कळत नाही.

तिने विषय बदललेला नाही. सध्या ती १९९७ च्या माले घोषणापत्रापाशी अडली आहे. तेथे राष्ट्रप्रमुखांनी अनौपचारिक राजकीय विचारविनिमय उपयुक्त मानला. या 'अनौपचारिक' विशेषणाने दहावे कलम मोडते, की नुसते वाकते, यावर आम्हा दोघांचे अद्याप एकमत नाही.