विळीची सुरी

आमचं जव्हार २०१४ साली पालघर जिल्ह्यात गेलं, पण आई अजून ठाणे जिल्हाच म्हणते. तिची सुटलेली सवय एकच. गुडघ्यांमुळे विळी सुटली. ओट्याशी उभं राहून दुकानातल्या सुरीने चिरताना कुरकुरायची.

म्हणून परवा विळीचं पातं लोहाराकडे नेलं. त्याने टोकाची खवणी तोडली, पातं भट्टीत लाल करून ठोकलं, पाणी पाजलं, लाकडी मूठ बसवली. "पुसून ठेवा, नाहीतर गंजेल," एवढंच म्हणाला.

आईने कांदा घेतला आणि थांबली. "विळीवर भाजी पात्याकडे न्यायची, इथे पातं भाजीकडे. सत्तराव्या वर्षी उलटं शिकू?"

शिकली. कांदा बारीक उतरला. सुरी पदराला पुसत म्हणाली, "धार तीच आहे रे. पण नारळ आता कशाने खवू?"

हा विचार मी केलाच नव्हता...