गारव्याचा ताळेबंद

रायपुरातील तात्यापारा या वस्तीत राहणाऱ्या गृहस्थाला महाराष्ट्रातून आलेला पाहुणा एक प्रश्न हटकून विचारतो: हा पारा कसला? छत्तीसगढी बोलीत पारा म्हणजे आळी, मोहल्ला; ब्राह्मणपारा आणि आमापारा हे आमचे शेजारी त्याच कुळातले, असे मी त्याला सांगतो खरा; परंतु पाहुणा जर ऐन उन्हाळ्यात आलेला असला तर या व्युत्पत्तीने त्याचे समाधान होत नाही; कारण सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावर ज्या नऊ दिवसांना इकडे ‘नौतपा’ म्हणतात त्या दिवसांत उष्णतामापकातील पारा ४४ अंशांना जाऊन भिडला, की वस्तीचे नाव कशावरून पडले असावे याविषयी त्याचे स्वतःचे मत तयार झालेले असते.

बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहून या मुलखाचा कारभार पाहू लागले, आणि त्या अंमलाबरोबर जी मराठी माणसे इकडे आली त्यांत आमचा कोणी पूर्वज दप्तरात खर्डेघाशी करीत होता अशी आमच्या घरची समजूत आहे. तिला कागदाचा आधार नाही. आधार असलाच तर एवढाच, की कोणतीही गोष्ट जमेला धरावी की खर्ची टाकावी हे ठरल्यावाचून आम्हा मंडळींना झोप येत नाही. माझा पेशा मात्र प्रशीतनाचा. बर्फाचे कारखाने आणि बटाट्यांची शीतगृहे यांची यंत्रे दुरुस्त करण्यात चाळीस वर्षे गेली, आणि निवृत्त झाल्यावर गच्चीवर मातीवाचून भाजी पिकविण्याचा छंद लागला.

या विद्येला ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव कॅलिफोर्नियातील गेरिक यांनी १९३७ मध्ये रूढ केले, आणि पुढील दशकात शोल्टो डग्लस यांनी कालिंपाँगच्या परिसरात प्रयोग करून तिची ‘बंगाल पद्धत’ बसविली. माझा सरंजाम त्या मानाने अगदीच किरकोळ: आडव्या पीव्हीसी नळांना पाडलेल्या भोकांत सॅलडची आणि पालकाची रोपे, खाली १५० लिटरांची टाकी, आणि खतांचे द्रावण अहोरात्र फिरविणारा ४० वॅटचा पंप. माघ-फाल्गुनात त्या रोपांनी असे काही बाळसे धरले की मी आल्यागेल्याला सॅलड वाटीत सुटलो. एप्रिल उजाडला, टाकीतील पाणी ३४ अंशांवर गेले, आणि शुभ्र मुळे आठ दिवसांत तपकिरी, बुळबुळीत होऊन वर टवटवीत दिसणारी रोपे भरदुपारी माना टाकू लागली.

मुळे उन्हाने भाजली असावीत हा माझा पहिला तर्क चुकीचा होता. ती गुदमरली होती. पाण्यात विरघळणारा प्राणवायू हे मुळांचे उत्पन्न, आणि श्वसन हा त्यांचा खर्च. २० अंशांवरील पाण्याच्या एका लिटरात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर ७.६ पेक्षा अधिक मावत नाही. आणि उत्पन्न असे घटत असताना मुळांच्या श्वसनाचा वेग दर दहा अंशांमागे जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे जमा आटते, खर्च फुगतो, आणि दिवाळे निघण्याची वाट पाहत बसलेल्या सावकाराप्रमाणे ‘पिथियम’ नावाचा मूळकुजीचा जीव हात धुऊन घेतो. म्हणून पाणी २० ते २२ अंशांवर ठेवणे याला मी मुळांची चैन समजत नाही. तो त्यांच्या श्वासाचा बंदोबस्त आहे.

प्रथम मी केले ते कोणीही करील तेच: फ्रीजमध्ये गोठविलेल्या लिटरभराच्या बाटल्या टाकीत सोडल्या. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोजूल उष्णता गिळतो, आणि त्या वितळलेल्या पाण्याचे तापणे जमेस धरले तरी चार बाटल्यांनी १५० लिटर पाणी तीन अंशांनी उतरते. दोन तासांत ते पूर्ववत होते, आणि फ्रीजने बर्फ करताना बाहेर टाकलेली उष्णता स्वयंपाकघरात साचून राहते ती वेगळीच. हा उद्योग तिसऱ्या दिवशी घरातूनच बंद पाडण्यात आला.

मग आपल्या जुन्या विद्येकडे वळलो. रांजणाला ओले फडके गुंडाळणारी आजी आणि दारांना वाळ्याच्या ताट्या लावणारा अंमलदार हे दोघेही एकाच नियमाचे उपासक: एक लिटर पाणी वाफ होऊन उडाले तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते, म्हणजे माझ्या टाकीला जवळजवळ चार अंशांचा दिलासा. परंतु खतांचे द्रावणच उडू दिले तर मागे क्षार दाट होत जातात. म्हणून जुन्या कूलरच्या गवतावरून साधे पाणी फिरविले आणि त्या पाण्यात बुडविलेल्या वेटोळ्यातून द्रावण नेले. ४३ अंश उष्मा आणि २० टक्के दमटपणा असताना फुग्यास ओले फडके गुंडाळलेला उष्णतामापक २५ अंश दाखवितो, आणि या युक्तीची धाव तिथपर्यंतच असते. तरी तेवढ्यावर मे महिना निभावला. पुढे पाऊस आला, हवा ३२ अंशांची झाली, लोक सुखावले. पण दमटपणा ८५ टक्क्यांवर गेल्याने ओल्या फडक्यातला पाराही ३० वर चढला, आणि माझा कूलर नुसता भिजत राहिला.

अकबराच्या आबदारखान्याला ही अडचण नव्हती. पाच शेर पाण्यात अडीच शेर शोरा विरघळवून त्यात पिण्याच्या पाण्याची सुरई पाव तास फिरवीत, असे अबुल फजल यांनी ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवून ठेवले आहे. गंमत अशी, की तोच शोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, माझ्या द्रावणातील एक प्रमुख खत आहे. परंतु बादशहाच्या पाण्याला गारवा देण्याइतका शोरा घातला तर रोपे त्याच दिवशी जळतील.

अखेर कबाडखान्यातून एक टनाचा जुना खिडकीचा एसी आणला. आमच्या व्यवसायातील ‘टन’ ही बर्फाच्या काळाची आठवण आहे: ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढील तेवढी, म्हणजे साडेतीन किलोवॅट. एका मोटारीच्या दोन टोकांवर दोन पंखे असतात. त्यांतील खोलीकडचा काढला, गरम बाजूचा ठेवला, आणि थंड वेटोळे गॅसच्या नळ्यांना मुरड न पडू देता हलक्या हाताने खाली वाकविले. माझा जुना मेकॅनिक कमरेवर हात ठेवून पाहत होता, म्हणाला, “काकाजी, मशीन को पानी पिलाओगे क्या?” मी ते वेटोळे सरळ खतांच्या टाकीत बुडविले. चाळीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस मी. मला कोण अडविणार?

पाणी अर्ध्या तासात २० अंशांवर आले, आणि आठवड्याभरात मुळे पुन्हा तपकिरी झाली. या वेळी ती गुदमरली नव्हती. द्रावण किंचित आम्ल असते; त्याने ॲल्युमिनियमची पाती पोखरली आणि तांबे झिजविले, आणि ज्या तांब्याची रोपाला लिटरमागे मिलिग्रॅमच्या काही शतांशांइतकीच गरज असते त्या तांब्याचे विष झाले. बटाट्याला मुळे नसतात, त्यामुळे शीतगृहात हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. शिवाय साडेतीन किलोवॅटचे यंत्र एवढ्याशा टाकीला जोडणे म्हणजे तीन मिनिटांत एक अंश उतरणार, आणि दाब समान होण्याआधी पुनःपुन्हा चालू-बंद होऊन कॉम्प्रेसर जळणार.

दोन्ही दोषांवर उपाय एकच निघाला: मध्ये एक खजिना बांधणे. थर्मोकोलने मढविलेल्या पेटीत ८० लिटर साधे पाणी, त्यात एसीचे वेटोळे. ते पाणी ८ ते १५ अंशांच्या दरम्यान राहील अशी नियंत्रकाची तजवीज, आणि बंद पडलेले यंत्र पाच मिनिटे सुरू होऊ नये असा निर्बंध. त्याच पेटीत बारा मीटर गंजरोधक पोलादाची नळी. टाकी २२ अंशांच्या वर गेली की एक छोटा पंप द्रावण तिच्यातून फिरवून आणतो. तांबे आणि मुळे यांची गाठ पडत नाही. यंत्र दुपारी दीड-दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटे चालते, आणि मधल्या वेळी खजिन्यातून उचल होते. पाण्याशेजारी वीज नांदवायची म्हणून अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारे स्विच यांत मात्र काटकसर केली नाही.

तरीही खरी वसुली दुसरीकडेच झाली. उष्णता कोठून दाखल होते याची खतावणी मांडून बसलो तेव्हा दिसले, की ४० वॅटचा बुडविलेला पंप दिवसभरात जी उष्णता सोडतो ती एकटीच टाकीला साडेपाच अंशांनी तापविण्यास पुरेशी आहे. म्हणून तो बाहेर काढला. नळांना पांढरा रंग दिला, वर हिरवी जाळी बांधली, टाकी उत्तरेच्या बोळात आजीच्या रांजणाच्या जागी नेऊन गोणपाटाने लपेटली. यंत्राच्या वाट्याला आलेले काम याने निम्म्यावर आले, आणि विजेचा खर्च दिवसाकाठी अडीच-तीन युनिटांवर स्थिरावला. उष्णता घरात घेऊन मग बाहेर हाकलण्यापेक्षा ती आत येऊ न देणे स्वस्त, हे ज्या बाईने तो रांजण बोळात ठेवला तिला ठाऊक होते. मला ते कळायला एक टनाचे यंत्र विकत घ्यावे लागले.

एक नोंद मात्र मी चुकविली होती, आणि ती घरच्या लेखापरीक्षणात सापडली. “अहो, तुमच्या सॅलडला गारवा, आणि माझ्या तुळशीला झळ?” मुळांपासून काढलेली सारी उष्णता आणि वर कॉम्प्रेसरची मेहनत, एवढे सगळे यंत्राचा मागचा पंखा वृंदावनावर फेकीत होता. एकाचा खर्च दुसऱ्याच्या जमेस पडतोच, हे दप्तरी घराण्यातील माणसाला सांगावे लागावे याची मला लाज वाटली. यंत्राचे तोंड फिरविले, आणि पुढच्याच श्रावणात, जेव्हा आठ-आठ दिवस तात्यापाऱ्यात कोणाच्या घरचे धुणे वाळत नव्हते, तेव्हा आमच्या गच्चीवर पत्र्याखाली बांधलेल्या दोरीवर, त्या गरम वाऱ्यात, धोतरे आणि लुगडी दुपारपर्यंत कडकडीत होऊ लागली. त्या महिन्यापासून विजेच्या बिलाविषयी घरात कोणी आक्षेप घेतलेला नाही.